आमच्या बाजूचं पाणी

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी सहा.

काल संध्याकाळी तळ्यावरचा शेवटचा बर्फ गेला. आज नवी वही उघडली. कारण: इंगा तळ्याच्या नागरिक सल्लागार समितीवर मला घेतलं आहे. टोस्ट्रुडबाईंनी स्वतः फोन केला. त्या मला तिसरी-चौथीला होत्या, आता समितीच्या अध्यक्ष आहेत. म्हणाल्या, आर्डेन, तुला कसं विचारावं याचा आम्ही दोन वर्षं विचार करत होतो. तू आत आलास तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतील.

दोन वर्षं! आपल्या पाठीमागे लोक काय बोलत असतात ते आपल्याला कळत नाही.

मिनेसोटात दहा हजार तळी आहेत म्हणतात. त्यांतलं एक देवाने नेमकं माझ्या घरासमोर ठेवलं, त्यामागे काही हेतू असणार. मी शाळेची बस चालवतो, उन्हाळाभर मोकळा. हेतू आणि सुट्टी जुळून आली.

मुख्य संकल्प: १६ ऑगस्टला ब्रिटाचं लग्न. आमच्या अंगणात, बाबांनी बांधलेल्या धक्क्यावर. दर ऑगस्टला तळं वाटाण्याच्या सुपासारखं होतं आणि असा वास सुटतो की माझी बायको रोंडा महिनाभर त्या बाजूच्या खिडक्या लावून ठेवते. लेकीचं लग्न त्या वासात लागणार नाही. ऑगस्टपर्यंत तळं स्वच्छ. ब्रिटाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुला आवडेल तसं, बाबा.

दुसरा संकल्प: समोरच्या काठावरच्या टेरी लुबिन्स्कीसाठी रोज प्रार्थना. तळं कोण खराब करतं ते मला माहीत आहे. पण राग नाही.

६ मे, मंगळवार.

पहिली बैठक, टाउन हॉलमध्ये. बाई, टेरी, मी, गावचा दंतवैद्य आणि एक विणकाम करणाऱ्या बाई. कॉफी, रुबार्बच्या वड्या. समितीला अधिकार काहीच नाही. आम्ही सल्ला द्यायचा, वरच्या बोर्डाने आमचे आभार मानायचे.

सरोवर कार्यालयातून माई शाँग आली होती. पंचविशीतली मुलगी, पाण्याचं शास्त्र शिकलेली. म्हणाली, शेवाळ फॉस्फरसवर वाढतं. तो येतो शेतांतून, लॉनच्या खतातून आणि घरांच्या जुन्या सेप्टिक टाक्यांतून. सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. मी टेरीकडे बघितलं.

टेरीच्या अंगणात टाकीचा हा एवढा उंचवटा आहे, दोन वर्षांपूर्वी केलेला. हत्ती पुरल्यासारखा दिसतो. ज्याचं लपवायला इतकी माती लागते त्याच्याबद्दल मी काय बोलू? आमच्याकडे वर काहीसुद्धा दिसत नाही. बाबांनी १९७४ साली स्वतःच्या हातांनी टाकी पुरली. पन्नास वर्षांत एकदाही उपसावी लागलेली नाही. हे मी बैठकीत सांगितलं, प्रौढी म्हणून नाही, उदाहरण म्हणून.

बाई म्हणाल्या, एकदाही नाही? मग जातं कुठे रे सगळं?

म्हटलं, बाई, असं काम आता कोणी करत नाही.

नाही, बाई म्हणाल्या. आता नाही करत.

टेरीने सूचना केली की तळ्याच्या मधोमध कारंजं बसवावं. बाई म्हणाल्या, वेगळीच कल्पना आहे. आमच्याकडे ‘वेगळीच’ म्हणजे ‘नको’, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. टेरीला कळलं नसावं. मग मी सुचवलं की तळ्यासाठी दर बैठकीआधी एक स्तोत्र म्हणावं. बाई म्हणाल्या, वेगळीच कल्पना आहे. आवाजात आदर होता.

१८ मे, रविवार. चर्चनंतर.

मला काम मिळालं. दर आठवड्याला होडीतून मध्यावर जायचं, दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती किती फुटांवर दिसेनाशी होते ते लिहायचं. जितकं खोल, तितकं पाणी स्वच्छ. काम साधं आहे, पण मन एकाग्र लागतं.

आज सात फूट. म्हणजे दिसायची थांबली सहावर. पण ती खाली आहे हे मला पक्कं माहीत होतं. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे. सात लिहिले.

ब्रिटाच्या लग्नाची पत्रिका आली. वर लून पक्ष्याचं चित्र. फ्रीजवर लावली. रोज येता-जाता बघतो, बरं वाटतं.

७ जून, शनिवार.

अंगणाची आखणी. घरामागच्या बाजूपासून धक्क्यापर्यंत गवताचा एक पट्टा जातो, चार फूट रुंद. इतकं हिरवंगार, इतकं दाट गवत अख्ख्या तळ्यावर कोणाकडे नाही. मी त्याला खत घालत नाही, पाणी घालत नाही. बाबांच्या हातचा आशीर्वाद. ठरवलं: नवरी याच पट्ट्यावरून चालत येईल.

रोंडा चालून बघायला आली. म्हणाली, इथं बूट चिकचिक करतायत. म्हटलं, दव आहे. म्हणाली, दुपारी तीन वाजता? बायकांना लग्नाआधी टेन्शन येतं.

तबकडी पाच फूट. (चार.)

१५ जून, रविवार.

कार्यालयाने एक पत्रक काढलं आहे: ‘तुमची टाकी आणि तुम्ही’. मंगळवारी एक प्रत आमच्या टपालपेटीत. गुरुवारी बसच्या वायपरखाली एक. आज चर्चमध्ये माझ्या नेहमीच्या जागेवर, स्तोत्रांच्या पुस्तकात, एक. दंतवैद्याने दात तपासता तपासता माझ्या खिशात एक सरकवली. आतापर्यंत सात. समितीने वाटपाची जबाबदारी न बोलता माझ्यावर टाकली आहे असं दिसतं. सातही प्रती टेरीच्या पेटीत टाकून आलो.

१६ जून, सोमवार.

टेरीने आठ परत आणून दिल्या.

२४ जून, मंगळवार.

टेरी आला. बसला नाही. दारात उभं राहून सव्वा तास बोलला. आधी हवा, मग वॉलाय मासे लागतायत का, मग माझ्या होडीचं इंजिन, मग परत हवा. तीनदा ‘बरं, निघतो मी’ म्हणाला. चौथ्यांदा एक पाय पायरीवर ठेवून म्हणाला, माझ्या चुलतभावाकडे टाकी उपसायचा ट्रक आहे. रिकामाच असतो. लग्नाची भेट समज हवं तर, नुसतं उघडून बघेल.

मी म्हटलं, टेरी, आमच्या टाकीला कोणी हात लावायचा नाही. ती बाबांची आठवण आहे.

तो म्हणाला, हो, ते जाणवतं. विशेषतः वारा इकडून तिकडे असला की.

रबरी बुटांची माती माझ्या पायरीवर पुसत गेला. मनातलं ओझं हलकं करायला आला असणार, शेवटी धीर झाला नाही. आज त्याच्यासाठी दोनदा प्रार्थना केली.

१ जुलै, मंगळवार. रात्री आठ.

आजचा दिवस समितीच्या इतिहासात राहील. माईने गेल्या वेळी सहज सांगितलं होतं की संडासात लाल रंगाची गोळी टाकली आणि टाकी गळकी असली, तर रंग तळ्यात उतरतो. मी महिनाभर त्यावर चिंतन केलं होतं. आज ठराव मांडला: तळ्याकाठच्या प्रत्येक घरात गोळी. कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणावर बोट दाखवायचं नाही. पाणी काय ते बोलेल.

विणणाऱ्या बाईंच्या सुया थांबल्या. टोस्ट्रुडबाईंनी चष्मा काढून पुसला. टेरीने अनुमोदन दिलं, मी वाक्य पुरं करायच्या आत. केवढं ढोंग! बाईंनी विचारलं, आणि सुरुवात कोणाकडून करावी? मी टेरीकडे बघत उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्याकडून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्य उभा राहिला.

‘वेगळीच कल्पना’ या वेळी कोणी म्हणालं नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.

तारीख ९ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चची वार्षिक तळ्यावरची उपासना आमच्याच धक्क्यावर आहे. पास्टर धक्क्यावर, लोक आपापल्या सपाट होड्या नांगरून समोर. आपला काठ शुद्ध निघाला हे तिथेच जाहीर करता येईल, नम्रपणे.

१९ जुलै, शनिवार.

तळं हिरवं पडायला लागलं. दोन फूट. (दीड. चष्मा नव्हता. म्हणजे होता, धुरकट होता.)

घाबरलो नाही. पाण्यात जवाच्या काडाचे गठ्ठे सोडले की शेवाळ मरतं असं कुठेसं वाचलं होतं. चौदा गठ्ठे सोडले. समितीला विचारलं नाही, आधी करून दाखवू म्हटलं.

२२ जुलै, मंगळवार.

रात्रीच्या वाऱ्याने चौदाही गठ्ठे टेरीच्या काठाला लागले. त्यांवर रानहंस बसले आहेत, साधारण साठ. टेरीने फोन केला. म्हणाला, आर्डेन, पाहुणे तुझ्याकडचे दिसतायत, जेवायचे थांबलेत माझ्याकडे. म्हटलं, हे नैसर्गिक आहे. म्हणाला, हो, मागे ठेवून जातायत तेही नैसर्गिकच आहे.

ब्रिटाचा फोन. वास कसा आहे, बाबा? म्हटलं, कुठला वास? म्हणाली, आईला दे.

२ ऑगस्ट, शनिवार.

सूप. तबकडी सोडली नाही; मन अस्वस्थ असताना शास्त्रीय काम करू नये. लग्नाला चौदा दिवस. मंडपवाला येऊन माप घेऊन गेला. पट्ट्यावर खुंटी ठोकली तर ती आपोआप आत गेली, कोपरापर्यंत. म्हणाला, इथली माती फार मनमिळाऊ आहे.

टेरीची टाकी सापडली की तो लाजेने आठवड्यात दुरुस्त करेल, आणि पाणी निवळायला दोनतीन दिवस पुरावेत. वेळ जुळते आहे. अगदी काठोकाठ जुळते आहे, पण देवाचं काम असंच असतं.

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.

पाच वाजता गोळ्या टाकल्या. तीन. आधी छोटी प्रार्थना केली. माईने मान खाली घातली, पण तिला असं कधी संडासाच्या दारात करावं लागलं नसावं. मग बाई, टेरी, माई आणि मी काठावर खुर्च्या टाकून बसलो. रोंडाने कॉफी दिली. सहा वाजले, सात वाजले. काही नाही.

मी म्हटलं, बघा.

बाई म्हणाल्या, धीर धर, आर्डेन. चौथीत असताना तू पण उत्तर द्यायला उशिराच उठायचास.

माई म्हणाली, कधी कधी रात्र लागते. पाणी जमिनीतून चालत येतं.

टेरी नऊपर्यंत बसला. स्वतःहून. मला त्याची दया आली. उद्या-परवा त्याची पाळी.

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी तीन.

उपासना झाली. सव्वीस होड्या. ऊन छान.

दुसऱ्या स्तोत्राच्या वेळी मी डोळे मिटून खालचा सूर धरला होता. डोळे उघडले तर माझ्या पट्ट्याच्या टोकापासून पाण्यात एक लाल रेघ गेलेली. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती धक्क्याखाली आली. चौथ्याला पहिल्या रांगेतल्या होड्यांना लागली. हिरव्यात लाल. इतका लाल रंग मी कुठे बघितलेला नाही.

सगळे लाल पाण्याकडे बघत सूर न सोडता गात राहिले. पाच कडवी आहेत, पाचही झाली. धक्क्याच्या कडेला बसलेल्या पास्टरने पाय वर घेतले आणि प्रवचन सुरू केलं. माफीवर होतं. आधीपासून ठरलेलं होतं, असं त्यांनी मला नंतर तीन वेळा सांगितलं.

मग अंड्याची सँडविचेस. लोक म्हणाले, गुरुवारी पाऊस होईल असं वाटतं. लोक म्हणाले, ब्रेड मऊ आहे. एकाने विचारलं, बस कशी आहे? जाताना बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, तू स्वतःहून सुचवलंस, आर्डेन. आम्हाला ते कधी जमलं नसतं.

शक्यता: प्रवाह.

संध्याकाळी सात. वारा पश्चिमेचा होता. टेरी पश्चिमेला राहतो. हे नोंदवून ठेवतो.

सव्वासात. टेरीला अजून गोळी दिलेलीच नाही.

११ ऑगस्ट, सोमवार.

टेरीचा चुलतभाऊ ट्रक घेऊन आला. मीच बोलावला. पट्ट्याच्या वरच्या टोकाला खणलं. चार फुटांवर फावडं पत्र्याला लागलं. म्हटलं, ही बाबांची टाकी. तो म्हणाला, साहेब, हिला वायपर आहे.

स्टेशन वॅगन गाडी निघाली. आमचीच. मी शाळेत जायच्या आधी घरात होती, मग एके दिवशी दिसेनाशी झाली. बाबांना विचारलं तर म्हणाले होते, तिला दुसरं काम लागलं. छपराला भोक पाडून पाइप आत सोडलेला. चारही खिडक्या खाली केलेल्या, सगळं व्यवस्थित बाहेर जावं म्हणून. तळ्याकडच्या बाजूला खडी घातलेली, निचरा चांगला व्हावा म्हणून. बाबा कुठलंही काम अर्धवट ठेवत नसत.

चुलतभावाने टोपी काढली. टेरी बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, टायर चांगले आहेत अजून.

मी हसलो. मग जरा बसलो. टेरी पण बसला. या वेळी हवेबद्दल काही बोलला नाही.

दुपारी कार्यालयाचा कागद: नवी टाकी होईपर्यंत घरातला संडास बंद, अंगणात पाहुणे जमवायचे नाहीत. एकशे वीस पाहुणे, पाच दिवस.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

ब्रिटाला फोन केला. आयुष्यात इतका अवघड फोन केला नव्हता. सांगितलं, धक्क्यावर होणार नाही. चूक माझी. आता चार दिवसांत जागा कुठून आणू ते कळत नाही.

ती म्हणाली, बाबा, चर्चच्या तळघरातला हॉल आहे ना आपला.

म्हटलं, तो ऑगस्टात कसा मिळेल?

म्हणाली, मी फेब्रुवारीतच घेतलाय.

फेब्रुवारीत. बर्फ होता तेव्हा. मी समितीवर नव्हतो तेव्हा. म्हटलं, मग धक्क्याचं मला कशाला बोलू दिलंस? म्हणाली, तू किती खूश होतास. मंडपवाल्याचं आईने बघितलंय, तो नुसता माप घेऊन गेला. आणि पत्रिकेवर लिहिलंय की, बाबा.

फ्रीजपाशी गेलो. लून पक्ष्याखाली, सुबक अक्षरांत: चर्चचा हॉल, दुपारी दोन. मे महिन्यापासून तिथे आहे. मी वाचली नव्हती. मजकूर मला माहीत होता.

रोंडाला विचारलं, सगळ्यांना ठाऊक होतं? ती भांडी पुसत होती. म्हणाली, सगळ्यांना नाही. मंडपवाल्याला थोडं उशिरा कळलं.

१६ ऑगस्ट, शनिवार.

लग्न लागलं. हॉलला कॉफीचा आणि मेणाचा वास होता, तळ्याचा नव्हता. तळघराला खिडक्याच नाहीत. ब्रिटा लिनोलियमवरून चालत आली, टाचा कुठे रुतल्या नाहीत. माझा हात धरून होती. दारात कानाशी म्हणाली, बाबा, आता रडलास तर मी पण रडेन, आणि टेरीअंकल आधीच रडतायत.

खरंच रडत होता. पहिल्या नाचाला माझ्या सासूला घेऊन तोच उतरला.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी सहा.

घर झोपलं आहे. संडासाला आम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन येतो, म्हणजे टेरीकडे. किल्ली त्याने आपणहून दिली, दारात फक्त दहा मिनिटं उभा राहून.

जवळजवळ चार महिने रोज टेरीच्या टाकीसाठी प्रार्थना केली. ती ऐकली गेली. पत्ता तेवढा वरच्या वर दुरुस्त झाला.

माईला काल जेवताना विचारलं, आता तळं कधी निवळेल? म्हणाली, तुमची बाजू बंद झाली हे फार मोठं काम आहे, काका. पण तळाशी पन्नास वर्षांचं साचलंय. दहाएक वर्षं धरा. बाई बाजूलाच केक खात होत्या. त्यांना म्हटलं, बाई, पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे की समितीत यापुढे ज्याला जे म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणावं. बाईंनी घास संपवला. म्हणाल्या, वेगळीच कल्पना आहे.

या वेळी मला अर्थ कळला.

आत्ता होडीतून मध्यावर जाऊन आलो. तळं अजून हिरवं, कडेला थोडं गुलाबी. तबकडी सोडली. एक फूट दोन इंचांवर दिसेनाशी झाली. त्याच्या खाली ती आहे हे मला माहीत होतं.

दिसत नव्हती. एक फूट दोन इंच.

खरं सांगायचं तर, एक फूट.